सुप्याच्या वह्या आणि योकोहामाचं रेशीम

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. कारण साधं आहे, जपानला गेले होते. भाचा टोकियोत नोकरीला आहे. तीन वर्षं "आत्या ये, आत्या ये" चाललं होतं, निवृत्तीनंतर एकदाची गेले. फुजीचे फोटो सगळ्यांना पाठवून झालेत, त्यामुळे इथे पुन्हा ते नाहीत. लिहायचंय ते योकोहामाबद्दल, आणि त्यासाठी शेवटी आपल्या सुप्यालाच यावं लागणार आहे. थोडा धीर धरा.

योकोहामा टोकियोहून लोकलने अर्ध्या तासावर. १९६५ पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. पण नातं लगेच पटतं. स्टेशनाबाहेर आलं की खारा वारा, घाईत चालणारी माणसं, आणि सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. चायनाटाऊनमध्ये वाफाळते पांढरे पाव मिळतात, आपल्या मोदकाचे थोरले भाऊच म्हणा ना. आत मात्र मांस असतं, त्यामुळे मी नुसतीच वाफ घेतली :-) धक्क्याजवळ लाल विटांची दोन जुनी गोदामं आहेत, १९११ आणि १९१३ची. २००२ पासून तिथे दुकानं थाटलीत. जिथे एकेकाळी जकातीचा माल पडून असे तिथे आता मुली आइस्क्रीम खात फोटो काढतात.

समुद्राला लागून यामाशिता पार्क आहे. १९२३च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झालं, त्याचा राडारोडा समुद्रात भरून ही बाग केली, १९३० साली उघडली. बागेच्या एका कोपऱ्यात चक्क आपल्या पद्धतीच्या घुमटाखाली पाण्याचं कारंजं आहे! योकोहामात तेव्हा भारतीय व्यापारी होते, बहुतेक सिंधी, रेशमाचा धंदा करणारे. भूकंपात त्यांच्यातलेही लोक गेले, उरलेले कोबेला निघून गेले. शहराने घरं-दुकानं देऊन त्यांना परत बोलावलं, त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी हे बांधून दिलं. मी तिथे बराच वेळ बसले. भाच्याला वाटलं माझे गुडघे दुखतायत. (तेही होतंच.)

बागेपासून चालत गेलं की रेशमाचं संग्रहालय. बंदराच्या शंभरीला, १९५९ मध्ये उघडलेलं. १८५९ पर्यंत योकोहामा म्हणजे कोळ्यांचं एक खेडं होतं. बंदर परदेशी बोटींना खुलं झालं आणि पन्नास वर्षांत त्याचं महानगर झालं ते मुख्यतः कच्च्या रेशमाच्या जोरावर. संग्रहालयात रेशीमकिडे तुतीचा पाला खाताना दिसतात, कोषांवरून धागा काढून बघता येतो. बारामती तालुक्यातही आता तुती लावणारे शेतकरी आहेत, त्यामुळे मला फार अप्रूप नव्हतं. मी विचारलं, "हे सगळं रेशीम यायचं कुठून?" भाच्याबरोबर त्याचा ऑफिसमधला एक सहकारी आला होता. तो म्हणाला, डोंगरातून. माझ्या गावाकडून. चिचिबू.

मग चहाला बसल्यावर त्याने मला विचारलं, तुमचं गाव कशासाठी प्रसिद्ध? आता सुप्याचं काय सांगणार? शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर त्याला काय कळणार. मी म्हटलं, आमच्या गावात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. भाच्याने भाषांतर केलं. त्या मुलाने कप खाली ठेवला. म्हणाला, आमच्याही. १८८४ साली.

खरं सांगते, सव्वीस वर्षं मी इतिहास शिकवला. "दख्खनचे दंगे" ही आमच्याकडे दोन गुणांची टीप. १२ मे १८७५, सुपे, तेव्हाचा भीमथडी तालुका. बाजारपेठेचं गाव, सावकारांची दुकानं-घरं तिथेच. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले, वह्या आणि कर्जखतं मागितली आणि जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरं पेटवली. तिथून वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत गेला. सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये कायदा केला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. संपली टीप. मुलं पाठ करायची, मीही पुढच्या धड्याला लागायचे. हे ज्या गावात झालं तिथूनच मी रोज एसटी पकडत होते, हे वर्गात कधी सांगितलं नाही.

त्या टेबलावर मात्र दोन्ही गोष्टी शेजारी मांडल्या आणि अंगावर काटा आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, ब्रिटनच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओतला, तो सावकारांमार्फत खेड्यात आला. १८६० ते १८६४ या चार वर्षांत दख्खनमधलं कापसाचं क्षेत्र दुप्पट झालं. सुप्याच्या माळावर ज्वारी-बाजरीच जास्त, पण पत सगळ्यांचीच वाढली, कर्ज मागायचा अवकाश. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. इंदापूर तालुक्यात १८३६च्या सुमाराला ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत नेमकी तेव्हाच संपली. नव्या आकारणीत सारा कुठे दीडपट, कुठे दुप्पट झाला. सावकाराने नवं कर्ज थांबवलं आणि जुनं मागायला सुरुवात केली.

आणि तिकडे? फ्रान्स-इटलीत रेशीमकिड्यांवर रोग पडला (पाश्चरने ज्यावर संशोधन केलं तोच), म्हणून जपानी रेशमाला सोन्याचा भाव. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी तुती लावली, उसनवारी केली. १८८१ पासून अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आवळलं, फ्रान्सच्या बाजारातही मंदी आली, आणि रेशमाचा भाव पडला. परक्याच्या संकटावर आलेली तेजी आणि त्या तेजीवर काढलेलं कर्ज, दोन्हीकडे एकच.

१ नोव्हेंबर १८८४ ला योशिदा गावच्या देवळाच्या आवारात हजारो लोक जमले. मागण्या लेखी होत्या: कर्जाला दहा वर्षं स्थगिती, मग चाळीस वर्षांत हप्ते. खर्च वाचावा म्हणून शाळा तीन वर्षं बंद! (माझ्यातली शिक्षिका इथे जरा दुखावली.) त्यांनी सावकारांची घरं फोडली, कागद जाळले, तालुक्याची कचेरी ताब्यात घेतली. सरकारने सैन्य पाठवलं आणि दहा दिवसांच्या आत सगळं चिरडलं. म्होरक्यांना फाशी झाली.

त्यांतला एक निसटला, इनोउए देन्झो. हा खुद्द रेशमाचा व्यापारी, कर्जबाजारी नव्हे. तरी बंडाचा खजिना त्याच्याकडे होता. फाशीची शिक्षा झालेली असताना तो उत्तरेला होक्काइदोला पळाला, नाव बदलून संसार थाटला आणि १९१८ मध्ये, मरायला टेकल्यावर, बायकोला आणि मुलाला सांगितलं की मी कोण. चौतीस वर्षं घरात कुणालाही पत्ता नव्हता.

संध्याकाळी धक्क्यावर दिवे लागले. फार सुंदर दिसतं ते, खोटं कशाला बोलू. पण मला सारखा राजाबाई टॉवर आठवत होता. कापसाच्या तेजीत कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला. पूर्ण झाला १८७८ मध्ये, आणि दंग्यांच्या आयोगाचा अहवालही त्याच साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला.

परत आल्यावर दादाला सगळं सांगितलं. विचारलं, आपले पूर्वज त्या दिवशी कुठे होते रे? वह्या मागणाऱ्यांत असतील ना? दादा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ओढ्यापलीकडची पट्टी आपल्याकडे कशी आली, कधी विचारलंयस?"

मी म्हटलं, नाही.

"गहाण होती," तो म्हणाला, "सुटली नाही." आणि वहिनीला चहा ठेवायला सांगून बाहेर गेला.