पंप कर्व्ह कसा वाचायचा? पंप घेण्याआधी हा आलेख नक्की बघा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. नळ उघडल्यावर लगेच गरम पाणी यावं म्हणून एक सर्क्युलेशन पंप ते पाणी पाइपातून फिरवत ठेवतो. तो जळाला तेव्हा आम्ही सरळ हिशेब केला: बिल्डिंग 24 मीटर उंच, म्हणजे 25 मीटर हेडचा 1 एचपी पंप घ्या. नवा पंप लावला आणि तो रोज ट्रिप व्हायला लागला. चूक पंपाची नव्हती, आमच्या हिशेबाची होती.

आलेखात काय असतं?

- आडवी रेघ: फ्लो, म्हणजे सेकंदाला किंवा तासाला किती पाणी.
- उभी रेघ: हेड, म्हणजे पंप किती मीटरचा जोर देतो.
- मुख्य वक्र: फ्लो वाढला की हेड कमी होतं. म्हणून हा वक्र उजवीकडे उतरतो.
- एफिशियन्सीचा वक्र: आधी चढतो, मग उतरतो. त्याच्या शिखराजवळ पंप चालला तर वीज कमी वाया जाते.

एकाच मॉडेलचे दोन-तीन वक्र दिसले तर ते वेगवेगळ्या स्पीडचे असू शकतात.

पंप नेमका कुठे चालतो?

हे पंप एकटा ठरवत नाही. पाइपचाही वक्र असतो आणि तो उजवीकडे चढतो: फ्लो दुप्पट केला की घर्षण साधारण चौपट. हे दोन वक्र जिथे छेदतात, तिथे पंप चालतो. त्याला ड्युटी पॉइंट म्हणतात.

आमचं काय चुकलं?

खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायचं असेल तर उंची मोजावीच लागते. पण आमचं पाणी गोल फिरतं. जेवढं खाली येतं तेवढंच वर जातं, त्यामुळे उंचीचा हिशेब शून्य होतो. उरतं फक्त घर्षण. सेकंदाला 1 लिटरला ते जेमतेम 4 मीटर होतं!

25 मीटरच्या पंपाला एवढाच अडथळा मिळाला, म्हणून तो वक्रावर उजवीकडे घसरत 2 लिटरपर्यंत गेला. तिथे घर्षण 16 मीटर झालं, तेव्हा कुठे दोन्ही वक्र जुळले. अशा सेंट्रिफ्युगल पंपात फ्लो वाढला की मोटरवरचा लोडही वाढतो. म्हणून ट्रिप.

प्लंबरकाकांनी पुढचा व्हॉल्व्ह थोडा बंद केला आणि अँपिअर खाली आले. सगळ्यांना उलटं वाटलं, पण कर्व्हवर कारण स्पष्ट दिसतं: अडथळा वाढला, फ्लो घटला, लोड कमी झाला. अर्थात हा तात्पुरता इलाज, कारण वीज व्हॉल्व्हमध्ये वाया जातच राहते. शेवटी आम्ही कमी हेडचा छोटा पंप बसवला.

घेण्याआधी एवढं करा

किर्लोस्कर ब्रदर्ससारख्या कंपन्यांच्या वेबसाइटवर मॉडेलची माहिती मिळते. त्यातला कर्व्ह मोबाइलवर झूम करा, तुमचा फ्लो आणि हेड त्यावर टिंब करून बघा. टिंब वक्राच्या मधल्या भागात, चांगल्या एफिशियन्सीजवळ पडलं तर पंप योग्य. नुसता एचपी विचारून दुकानातून पंप आणू नका.