गनिमी प्रसिद्धी : आंबेडकरी गायकांची जुनी रीत आणि आजचा मोबाइल

मोठी कंपनी, वाहिनी किंवा पैसा पाठीशी नसताना, लोक जिथे आधीच जमले आहेत तिथे जाऊन आपली कला त्यांच्या कानावर घालणे, याला जाहिरातीच्या व्यवसायात गनिमी प्रसिद्धी म्हणतात. अमेरिकेच्या जे कॉनराड लेव्हिन्सन यांनी 1984 मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले आणि शब्द रूढ झाला. रीत मात्र त्यांची नव्हे. आंबेडकरी जलशांनी ती त्याच्या पन्नास वर्षे आधी गावोगाव वापरली होती. आपण तिला प्रबोधन म्हणत आलो, एवढेच.

हा लेख त्या रीतीविषयी आहे, आणि विशेषतः लातूर-नांदेड भागातल्या अशा मुला-मुलींसाठी, ज्यांच्याकडे एक पेटी, एक ढोलकी, एक मोबाइल आणि स्वतः लिहिलेली पाच-सहा गाणी आहेत. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात अशी गायन पार्टी हमखास सापडते. गाणे आज कसेही करून पोहोचते. लिहिणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे नाव मात्र वाटेत गळून पडते. त्यामुळे प्रसिद्धीच्या युक्त्या सांगताना प्रत्येक युक्तीला एकच प्रश्न विचारायचा आहे : हिच्यात नाव टिकते का?

1930 च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डक यांचा जलसा फिरू लागला. त्याआधी सत्यशोधक जलसे होते आणि त्याहीआधी तमाशा. कर्डक आणि त्यांच्या बरोबरीच्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला गण आणि गौळण बाजूला केली. गणपतीच्या जागी भीमस्तवन आले, गवळणींच्या जागी पाणवठा, शाळा, महारकी आणि सावकार आले. तमाशाच्या ढंगाला लोक जमणारच होते. ओळखीचा बाज पाहून बसलेल्या माणसाला रात्रभर नवा विचार ऐकवला जाई. एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे मत आजही जयंतीच्या मंचावरून सांगितले जाते. कर्डकांनी 1978 मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून बराचसा तपशील आपल्या हाती आहे. ज्यांनी लिहून ठेवले नाही, त्यांच्यासाठी अभ्यासकांना आज म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करत फिरावे लागते.

वामनदादा कर्डक (15 ऑगस्ट 1922 ते 15 मे 2004) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. 1943 मध्ये त्यांनी पहिले गीत रचले ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. ओळखीची चाल घेण्याचा फायदा उघड आहे. चाल रेडिओने आणि थिएटरने आधीच लोकांच्या तोंडी बसवलेली असते, आपण फक्त शब्द बदलायचे. कित्येक गीतकारांनी हे केले आणि त्यात कमीपणा मानला नाही.

वामनदादांची दुसरी रीत मला जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे नाममुद्रा. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हा शब्द असा बसवलेला असतो की तो काढला तर ओळ मोडते, यमक तुटते. चोखोबांच्या अभंगातही शेवटी चोखा येतोच. ही भक्तीची किंवा नम्रतेची खूण आहे असे शाळेत शिकवतात. असेलही. पण छापखाना ज्यांच्या मालकीचा नव्हता, ज्यांचे गाणे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणार होते, त्यांच्यासाठी तो मालकीचा एकमेव पुरावाही होता. वामनदादांच्या एका संग्रहाचे नावच 'हे गीत वामनाचे' असे आहे.

नंतर छापील पुस्तिका आल्या. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या पातळ, स्वस्त पुस्तिका विकल्या जात आल्या आहेत. गायक तिथे गातो, ऐकणारा पुस्तिका घेतो, गावी जाऊन तीच गाणी स्वतः गातो. म्हणजे प्रत्येक ग्राहक हाच पुढचा प्रचारक. पुस्तिकेवर कवीचे नाव असे, कधी पत्ताही असे. कॅसेटचा काळ आला तेव्हा गायकाचा फोटो मोठा झाला आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरात मागे गेले. त्यानंतर साधारण 2010 च्या आसपास बसस्थानकाजवळ मोबाइलचे मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देणारी दुकाने आली. आमच्या पिढीने अर्धी भीमगीते तिथूनच घेतली. त्या फाइलींवर गायकाचे नाव नसायचे, गीतकाराचे तर नाहीच. बहुधा एखाद्या संकेतस्थळाचे नाव असायचे, नाहीतर नुसते 'ट्रॅक 07'.

आता रील. रीलमध्ये मुखडा वाजतो आणि संपतो. शेवटचे कडवे, म्हणजे नाममुद्रेची जागा, रीलपर्यंत पोहोचतच नाही. मिरवणुकीतल्या रिमिक्समध्येही तेच : धृपद, ठेका, पुन्हा धृपद. पण एक गंमत बघा. त्याच रिमिक्समध्ये थोड्या थोड्या वेळाने डीजे वाजवणाऱ्याचे नाव भारदस्त आवाजात ऐकू येते. नाममुद्रेचे मर्म आज कवींपेक्षा डीजेवाल्यांना जास्त कळले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

याला उपाय जुनाच आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. तबकडी तयार होणार जर्मनीत, तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळणार कसे? म्हणून गाणे संपता संपता त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत. आपणही ते करावे, पण शेवटी नाही, सुरुवातीला. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या चार सेकंदांत गीतकार, गायक आणि गाव बोलून घ्यावे. नाममुद्रा मुखड्याच्या दुसऱ्या ओळीत आणता आली तर उत्तमच. कवितेच्या दृष्टीने हे अवघड आहे, पण अशक्य नाही. व्हिडिओत नाव पट्टीवर टाकू नका, पट्टी कापली जाते. डफावर रंगवा. डफ कापला तर गाणाराच कापला जाईल.

औरंगाबादच्या कडूबाई खरात यांचे उदाहरण इथे आठवते. हातात एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या या बाईंचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर घेतला, तो पसरला आणि महाराष्ट्रभर त्या परिचित झाल्या. मांडव नाही, लाइट नाही, ध्वनिमुद्रणाची खोली नाही. आवाज आणि एकतारी एवढेच इतके वेगळे होते की पाहणाऱ्याने विचारलेच, या कोण? वेगळेपणाची अशी एखादी खूण प्रत्येक संचाला शोधावी लागते. सगळ्यांच्या निळ्या जाकिटात आणि एकाच कीबोर्डच्या ठेक्यात ती सापडणार नाही.

बाहेरच्या जगातही बिनपैशाच्या युक्त्या कमी नाहीत. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा कृष्णवर्णीय रॅपर टू शॉर्ट गाडीच्या डिकीतून कॅसेट विकायचा आणि पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या नावाचे गाणे करून द्यायचा. आपल्याकडे जयंती मंडळाच्या नावाचे गाणे करून देतात, तोच प्रकार. 2007 मध्ये नाइन इंच नेल्स या संचाने नवे गाणे पेनड्राईव्हमध्ये टाकून लिस्बनच्या कार्यक्रमस्थळी स्वच्छतागृहात ठेवून दिले, सापडणाऱ्यांनीच ते जगभर पसरवले. 2014 मध्ये वल्फपेक या अमेरिकी संचाने स्पॉटिफायवर पूर्ण शांततेचा अल्बम टाकला. दहा ट्रॅक, प्रत्येक तीस सेकंदांहून जरासा मोठा, आणि आवाज शून्य. चाहत्यांनी तो झोपताना रात्रभर चालू ठेवावा असे आवाहन केले. सुमारे 20 हजार डॉलर जमले, त्यातून विनातिकीट दौरा झाला आणि स्पॉटिफायने तो अल्बम काढून टाकला. ही नक्कल आपण करू नये. 2024 पासून वर्षभरात किमान 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय मानधनच देत नाही. आपल्या अधिक जवळचे उदाहरण चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'चे. पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राच्या पुढाकाराने जानेवारी 2018 मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. मरणाच्या प्रसंगी वाजणारी वस्तीतली गाना गाणी त्यांनी रॅप आणि रॉकबरोबर मंचावर आणली आणि संचाच्या नावातच आपली भूमिका ठेवली.

आपल्या भागात गर्दी कुठे आणि केव्हा जमते याचे कॅलेंडर आपल्याला पाठ आहे. 14 एप्रिल आहेच, पण त्या दिवशी प्रत्येक जण गात असतो, नवे नाव कुणाच्या लक्षात राहणार? त्यापेक्षा पौष पौर्णिमेला अर्धापूर तालुक्यात दाभडच्या बावरीनगर महाविहारात भरणारी धम्म परिषद, 14 जानेवारीला औरंगाबादला विद्यापीठाच्या गेटवरचा नामविस्तार दिन, आणि वर्षावासाचे तीन महिने. आषाढी पौर्णिमेपासून विहारात रोज ग्रंथवाचन चालते. वाचन संपल्यावर एक गाणे, तेही त्या दिवशी वाचलेल्या प्रकरणावर रचलेले, एवढी परवानगी विहार समितीकडून सहज मिळते. तीन महिन्यांत तीसेक गाणी तयार होतात, आणि ऐकणाऱ्या प्रामुख्याने महिला असतात. पुढे लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन अशा कार्यक्रमांना कुणाला बोलवायचे हे घरात त्याच ठरवतात. सुपारी तिथून येते. आठवडी बाजार, एसटी, काळी-पिवळी इथेही गाता येते, पण बाजारात भाजीवाल्याच्या तोंडासमोर उभे राहू नये, त्याचे गिऱ्हाईक तुटते आणि शिव्या बाबासाहेबांच्या नावाने पडतात.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शासन वर्षातले मोजके दिवस रात्री 12 पर्यंत सूट देते, ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून आधीच घ्यावी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या 100 मीटर परिसरातल्या शांतता क्षेत्राला निर्बंध आणखी कडक आहेत. आणि परवानगीविना भिंतीवर पोस्टर चिकटवणे 1995 च्या विद्रूपणविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो. पोस्टर लावायचेच तर ओळखीच्या टपरीच्या आत लावा, तिथे ते पावसातही टिकते.

मात्र आपल्यासाठी खरा धोका दंडाचा नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा जीव गेला. 1 जून 2023 ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत काय घडले ते वाचकांना वेगळे सांगायला नको. गनिमी प्रसिद्धीची पाश्चात्त्य पुस्तके गृहीत धरतात की अनोळखी माणसासमोर अचानक गाणे वाजवले तर फार तर तो वैतागेल. आपल्याकडे ते गृहीत धरता येत नाही. म्हणून अनोळखी गावात एकट्याने गाऊ नका, त्या गावच्या वस्तीतल्या दोघा-तिघांना आधी सांगून ठेवा, परतीची गाडी ठरवून जा. गाणे व्यवस्थेविरुद्ध असेल तर शब्द वकिलाला दाखवा. भारतीय न्याय संहितेची कलमे 196 आणि 299 सहज लावली जातात, आणि कबीर कला मंचाच्या कलावंतांनी गाण्यांसाठी किती वर्षे तुरुंगात काढली हे आपण पाहिले आहे. गायिकांनी स्वतःचा नंबर पुस्तिकेवर किंवा व्हिडिओत देऊ नये. संचातल्या दुसऱ्या कुणाचा तरी किंवा त्याच कामासाठी घेतलेला वेगळा नंबर द्यावा. रात्री अकरानंतर येणारे फोन कार्यक्रमासाठी नसतात, हे कामाच्या निमित्ताने भेटलेल्या जवळपास प्रत्येक गायिकेने मला सांगितले आहे.

आता पैसा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तासांचे पाहणे लागते. इथे वामनदादांची पहिली युक्ती उलटते : चित्रपटाच्या चालीवरचे गाणे टाकले की यंत्र चाल ओळखते आणि उत्पन्न चालीच्या मालकाकडे वळवते. मंचावर ओळखीची चाल चालेल, पण ध्वनिमुद्रणासाठी चाल स्वतःचीच हवी. प्रताधिकार कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाच्या समान वाट्याचा हक्क दिला आहे आणि तो कंपनीला लिहून देता येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था असे पैसे गोळा करून वाटते. गीतकारांनी तिचे सदस्य व्हावे. कवीच्या मृत्यूनंतरही हक्क साठ वर्षे राहतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांचा आहे. त्यांचे गाणे नव्या चालीत ध्वनिमुद्रित करण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

मुरुड भागातल्या एका मुलाने दोन वर्षांपूर्वी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर आपली अकरा गाणी एका चॅनलला 'कायमची' लिहून दिली, चार हजार रुपयांत. कागद इंग्रजीत होता. अशी सही करून बसलेले गीतकार असतील तर तो कागद फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि तालुका विधी सेवा समितीत घेऊन जा. तिथला सल्ला मोफत असतो आणि न्यायालयाच्या आवारातच मिळतो.