वाटेवरचा सोबती : ठग, प्रवासी आणि इंदापूरची वाट

#थ्रेड

परदेशात विमानतळाबाहेर एक हसतमुख माणूस भेटतो. आपल्या भाषेत दोन शब्द बोलतो, 'तुमचे हॉटेल बंद पडले आहे, चला, मी चांगले दाखवतो' म्हणतो आणि पुढे खिसा रिकामा होतो. ही युक्ती फार जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिच्या पोटी खिशाबरोबर प्राणही जात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याहून हैदराबादला निघालेला माणूस पाटस, इंदापूर, सोलापूर, नळदुर्ग या बाजूने जाई. इंदापूर सोडून भीमा उतरली की ओळखीची माणसे विरळ होत. सोलापूर मागे पडले की निजामाचा मुलूख, म्हणजे त्या काळच्या अर्थाने परदेशच. प्रवास पायी, फार तर तट्टावर. सावकाराची हुंडी ज्याला परवडे तो रोकड जवळ बाळगत नसे. रजेवर घरी निघालेला शिपाई मात्र साठवलेला पगार कमरेलाच बांधून निघे.

अशा वाटेवर शहाणा माणूस एकटा जात नसे. धर्मशाळेत, गावाच्या वेशीपाशी तो सोबत शोधी. ठगांना नेमके हेच ठाऊक होते. त्यांचे सावज निष्काळजी प्रवासी नव्हते, सावध प्रवासी होते. हा मुद्दा बहुतेक लोकप्रिय पुस्तकांतून निसटतो, कारण रुमालाचा फास सर्वांच्या लक्षात राहतो आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

त्या दिवसांत काय घडे, हे माफीच्या साक्षीदारांनी दिलेल्या जबान्यांतून कळते. टोळीत कामांची वाटणी असे. सावज बोलण्यात गुंतवून आणणारा तो 'सोठा'. गोड वाणीचा, अनेक बोली जाणणारा, समोरच्याची जात, गाव, धंदा ओळखून त्याच धाग्याने स्वतःला बांधून घेणारा. गळा आवळणारा निराळा, हात धरणारा निराळा, खड्डा खणणारा निराळा. टोळी एकत्र दिसत नसे. कुणी व्यापारी म्हणून पुढे जाई, कुणी शिपाई म्हणून मागून येई. प्रवाशाला पहिल्या घोळक्याचा संशय आला, तर दुसरा घोळका येऊन त्याच्या संशयाला दुजोरा देई : 'ते लोक बरे दिसत नाहीत, तुम्ही आमच्याबरोबर चला.' मग कित्येक मजला एकत्र चालणे, एकत्र जेवण, एकमेकांची सुखदुःखे. शेवटी निवांत जागी मंडळी टेकली, की कुणीतरी तंबाखू काढायला सांगे. तो इशारा असे.

विल्यम स्लीमन याने १८४४ च्या आपल्या प्रवासग्रंथात एका मोगल सरदाराची हकिकत दिली आहे. उमद्या घोड्यावर बसलेला हा गृहस्थ दोन नोकरांसह पंजाबकडून अवधकडे निघाला होता. गढमुक्तेश्वरजवळ गंगा उतरल्यावर प्रवाशांचा एक घोळका सलगी करू लागला. त्याने त्यांना फटकारले. पुढे दुसरा घोळका भेटला, या खेपेस मुसलमानांचा. त्याने त्यांनाही दूर ठेवले. शस्त्रे जवळ होती, ठगांविषयी ऐकलेले होते. नंतर एका निर्जन ठिकाणी काही गरीब मुसलमान एका प्रेताशेजारी रडत बसलेले दिसले. सोबती वाटेत वारला, आम्ही अडाणी, अंत्यविधीची प्रार्थना म्हणणारा कुणी नाही, एवढे पुण्य पदरात घ्या, अशी त्यांनी विनवणी केली. आता नकार देणे म्हणजे धर्माला नकार देणे. सरदार खाली उतरला, हातपाय धुतले, तलवार आणि पिस्तुले बाजूला ठेवली आणि प्रार्थनेसाठी गुडघे टेकले. तो आणि त्याचे दोन्ही नोकर तिथेच संपले.

हकिकत सांगून सांगून घासूनपुसून चकचकीत झालेली असणार, एवढे धरून चालावे. तरी तिच्यातील मर्म खोटे वाटत नाही. सरदाराची भीती कामी आली नाही, कारण शेवटचा सापळा भीतीला उद्देशून नव्हता. तो त्याच्या चांगुलपणाला उद्देशून होता.

हरवलेल्या माणसाचा शोध कोण घेणार? घरी वाट पाहणाऱ्यांना काही महिने शंकाही येत नसे. आली तरी माणूस कोणत्या मजलेवर नाहीसा झाला, हे कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय १८१८ नंतर इंदापूर-सोलापूर कंपनीकडे आणि नळदुर्ग निजामाकडे, म्हणजे एकाच वाटेवर दोन सरकारे. त्याच सुमारास या सीमेवर वर्दळही वाढली होती. प्रिंगल यांच्या १८३० च्या सुमारास लागू झालेल्या जड सारापद्धतीने इंदापूर तालुका खचला. शेते ओस टाकून कुणबी कुटुंबे शेजारच्या संस्थानी मुलखात जाऊ लागली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी मोजणी १८३५-३६ मध्ये इंदापुरातूनच सुरू झाली ती या पडझडीमुळे. वाटेवर परकी माणसे इतकी असताना आणखी एक परका घोळका कुणाच्या डोळ्यांत भरणार?

याच भागातून वारीही जाई. तुकोबांची पालखी आजही बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशा मुक्कामांनी पंढरीला जाते. दिंडीही सोबतच, पण तिथे कोण कोणत्या गावचा, कोण कुणाचा, हे माहीत असते. ठगांनी या सोबतीची नक्कल केली आणि ओळख तेवढी खोटी ठेवली.

निजामाच्या नोकरीतला फिलिप मेडोज टेलर १८२० च्या दशकात नळदुर्गाच्या बाजूस होता. १८३९ मध्ये त्याने ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत गाजली. गंमत अशी की तो स्वतः १८२४ मध्ये पंधराव्या वर्षी मुंबईला आला तो एका व्यापाऱ्याने देऊ केलेल्या भागीदारीच्या आशेवर. येऊन पाहतो तर धंदा डबघाईला आलेला! नातलगाच्या ओळखीने निजामाच्या फौजेत जागा मिळाली म्हणून निभावले.

१८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला आणि शिक्षा जन्मठेपेची. अमुक खून अमक्याने केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. स्लीमनने ठगी हा देवीभक्तांचा वंशपरंपरागत पंथ म्हणून रंगवली. किम वॅगनर यांच्यासारखे अभ्यासक तिच्याकडे स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चाललेली लूटमार म्हणून पाहतात, आणि टोळ्यांत मुसलमान किती होते हे ध्यानात घेतले तर त्यांचे म्हणणे अधिक पटते. पण 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना सरकारदरबारी रुजली ती रुजलीच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे तीच होती. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तिचा अंमल बसला, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. ज्यांच्या पूर्वजांचा ठगांशी काडीचा संबंध नव्हता, अशी कुटुंबेही तीत डांबली गेली. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या.

रस्ता मात्र त्याआधीच बदलला होता. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी भिगवणजवळच्या दिकसळपर्यंत आली, १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. जिथे आठवडाभर अनोळखी माणसाच्या जोडीने चालावे लागे, तिथे आता तो समोरच्या बाकावर काही तास बसू लागला.