इंडेक्स टू वाचणारी माणसे : प्रस्तावना

मुंबईत एखादी बँक बीकेसीत नवे कार्यालय घेते किंवा पुण्यात खराडीला एखादी आयटी कंपनी चार मजले भाड्याने घेते, तेव्हा वर्तमानपत्रात छोटीशी बातमी येते: इतके चौरस फूट, दर चौरस फुटाला महिना इतके रुपये. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. हा आकडा अनेकदा व्यापारी मालमत्तेची माहिती जमवून विकणाऱ्या एखाद्या कंपनीतून आलेला असतो. तिथे तो कुणीतरी शोधलेला, तपासलेला आणि प्रसंगी वरिष्ठांशी हुज्जत घालून दुरुस्त केलेला असतो. या कंपन्यांतल्या नोकरीचे अनुभव हा पुढील पानांचा विषय आहे. तो आडवाटेचा आहे खरा, पण या वाटेवर शहराचा अर्थव्यवहार फार जवळून दिसतो.

सर्वसामान्य वाचकांनी या आकड्यांची फिकीर का करावी? कारण बँका त्यांच्या आधारे कर्ज देतात, मालक भाडे ठरवतात आणि आता लहान गुंतवणूकदारही त्यांच्यावर पैसे लावतात. २०१९ मध्ये एम्बसी हा भारतातला पहिला रीट, म्हणजे भाड्याने दिलेल्या मालमत्तांत पैसे गुंतवणारा न्यास, शेअर बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी माइंडस्पेस आला. ऐरोलीच्या किंवा येरवड्याच्या कार्यालयांत किती जागा भरलेली आहे, याच्याशी तेव्हापासून एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या बचतीचाही संबंध जोडला गेला. अशा वेळी तो आकडा कसा तयार होतो हे विचारणे रास्तच ठरते, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर तो तयार करणाऱ्यांकडेच असते.

या व्यवसायाचे आजचे रूप बरेचसे अमेरिकेत घडले. अँड्र्यू फ्लोरन्स यांनी १९८७ मध्ये वॉशिंग्टन परिसरात सुरू केलेली, आज कोस्टार या नावाने ओळखली जाणारी कंपनी त्यात अग्रणी आहे. तिकडे कार्यालयाच्या भाड्याचा आकडा सहसा सरकारदरबारी नोंदला जात नाही. टेक्साससारख्या राज्यात तर विक्रीची किंमतही जाहीर करण्याची सक्ती नाही. त्यामुळे तिथल्या संशोधकाचे मुख्य हत्यार टेलिफोन. दिवसभर दलालांना आणि मालकांना फोन करायचे, कुठला मजला रिकामा झाला, कोण आले, किती भाड्याने आले, हे काढून घ्यायचे. शिवाय काही जण गाडीतून फिरून इमारतींची छायाचित्रे घेतात. या नोकरीत समोरच्याचा विश्वास मिळवण्याला मोल असते.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे, आणि मराठी वाचकांना थोडा अभिमान वाटावा असेही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्तांच्या सूची शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने भाड्याचे आणि लिव्ह अँड लायसन्सचे करार लेखी व नोंदणीकृत असावेत असा दंडक घातला. मोठ्या कंपन्यांचे करारही दुय्यम निबंधकाकडे जातात. प्रॉपस्टॅक, सीआरई मॅट्रिक्स अशा कंपन्यांच्या हवाल्याने येणाऱ्या बातम्या याच नोंदींवर उभ्या असतात. त्यातली सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’, मराठीत असतो. परदेशी फंडाच्या पडद्यावर इंग्रजीत झळकणारा आकडा कधी काळी मराठी रकान्यात बसलेला असतो. तो तिथून उचलणाऱ्याला ‘मोबदला’, ‘पोटहिस्सा’, ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’ हे शब्द कळावे लागतात.

हे काम दिसते तितके यांत्रिक नाही. समजा, एका दस्तात महिना साडेसात लाख रुपये भाडे आहे. चार्जेबल क्षेत्र, म्हणजे सामायिक जागेचा वाटा धरून आकारलेले, पाच हजार चौरस फूट धरले तर दर दीडशे रुपये पडतो. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे, तीन हजार धरले तर अडीचशे. दोन्ही बरोबर, पण एका तक्त्यात शेजारी बसवले की दोन्ही फसवे. त्यात दस्तातले क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणायचे. भाडे दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढणार असेल, सुरुवातीचे काही महिने भाडेमाफी असेल, तर ‘मोबदला’ या रकान्यातल्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. मूळ दस्त उघडावा लागतो. इमारतीचे नाव नसते, नुसता सिटी सर्व्हे नंबर असतो. एकच भाडेकरू एका दस्तात ‘सर्व्हिसेस प्रा. लि.’ असतो, दुसऱ्यात ‘सर्विसेज प्रायव्हेट लिमिटेड’. हे दोघे एकच, हे ठरवणे ही त्या टेबलावरची खरी विद्या.

दुसऱ्या बाजूला विक्री विभाग आहे. तिथे वर्गणी विकायची, डेमो द्यायचा, रिन्यूअल सांभाळायचे आणि महिनाअखेरीचे टार्गेट गाठायचे. गंमत अशी की जो दलाल माहिती देतो, तोच बहुधा गिऱ्हाईकही असतो. विक्रीवाल्याने त्याला ‘सगळे शहर आमच्याकडे आहे’ असे सांगितलेले असते आणि संशोधनवाल्याला ठाऊक असते की ठाण्याची निम्मी नोंद अजून तपासायची आहे. या नोकरीतल्या पुष्कळ कुरबुरींचे मूळ या ताणात सापडते.

म्हणून वाचकांनी प्रत्येक अनुभवापाशी तीन प्रश्न विचारावेत: सांगणारा कोणत्या विभागात होता, किती काळ होता, आणि त्याचे काम मोजले कसे जात होते? दिवसाला किती नोंदी केल्या यावर जिथे बढती ठरते, तिथे अवघड दस्त बाजूला पडतो. जिथे तपासणीत निघालेल्या चुका मोजतात, तिथे वेग कमी होतो पण आकडा टिकतो. नोकरी सोडताना लिहिलेले कडू असते आणि रुजू होताना लिहिलेले गोड. दोन्ही ऐकावे, चव बाजूला ठेवून त्यातली कामाची पद्धत टिपावी. पगार, वेळा, साहेबांचा स्वभाव हे कुठल्याही कचेरीत सापडेल. आकडा कसा पक्का झाला, कुणी अडवला, कुणी घाईने पुढे ढकलला, हे मात्र इथेच कळेल.

अर्थशास्त्राची किंवा स्थावर व्यवसायाची पूर्वतयारी यासाठी लागत नाही. तुमच्या घराच्या कागदपत्रांत खरेदीखताचा इंडेक्स टू बहुधा असेल. पुढचे पान उलटण्याआधी तो एकदा काढा आणि त्यातले क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, एवढेच ठरवून पाहा. त्यासाठी करारनामा चाळावा लागला, घरातल्या दोघांत मतभेद झाला, तर समजा की या मंडळींच्या कामाचा पहिला धडा तुम्ही गिरवलात. उरलेले धडे ती स्वतःच सांगतील.