चाळलेलं ऊन

गोरेपणाची मलमं खपवणाऱ्या आपल्या बाजाराला पैसे मोजून काळवंडायला जाणारी माणसं विचित्रच वाटतील. पण युरोप-अमेरिकेत हा धंदा गेली चार-पाच दशकं चालत आला आहे. शिंपल्यासारखी उघडणारी पेटी, आडवं पडायला काच, काचेखाली आणि झाकणात लांब नळ्यांच्या रांगा. कपडे उतरवून आत पडायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि दहा-वीस मिनिटं नळ्यांचं ऊन खायचं. हा टॅनिंग बेड. रंगासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकांत वेगळ्याच कारणाने येणारेही असत. कोपरं, गुडघे, पाठ लाल चट्ट्यांनी भरलेली, त्यावर चंदेरी खपल्या; म्हणजे सोरायसिसचे रुग्ण. त्यांना थोडाफार गुणही येई. त्यातून एक सरळसोट समजूत रुजली: डॉक्टर ज्या पेटीत उभं करतात तीत तरी दुसरं काय असतं? नळ्याच ना? मग दुकानातलं ऊन काय वाईट? दोन्ही पेट्यांचं कूळ एकच, हे खरं आहे. पण ते कूळ नीट उलगडलं की दिसतं ते असं, की वैद्यकाच्या शाखेने शंभर वर्षं ऊन चाळण्यात घालवली आणि दुकानाच्या शाखेने त्या चाळणीतला कोंडा तेवढा विकायला काढला.

सुरुवात १८०१ सालापासून करावी लागते. जर्मनीतल्या येना गावी योहान विल्हेल्म रिटर याने सिल्व्हर क्लोराइड माखलेला कागद लोलकातून पडणाऱ्या सात रंगांत धरला. जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे तो कागद सर्वांत लवकर काळा पडला. या न दिसणाऱ्या किरणांना आपण अतिनील म्हणतो. त्यांचा त्वचेशी संबंध पद्धतशीर जोडला तो नील्स फिन्सेन याने. फेरो बेटांवर १८६० साली जन्मलेला हा डॉक्टर स्वतः आजारी असे, उन्हात बरं वाटतं हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. तरी त्याचं पहिलं पाऊल उन्हाकडे नव्हतं, उन्हापासून लांब होतं. १८९३ साली त्याने देवीच्या रोग्यांना तांबडे पडदे लावलेल्या खोलीत ठेवायला सुचवलं. जांभळ्याकडचे किरण अडवले तर व्रण कमी राहतील, हा त्याचा अंदाज. अंदाज टिकला नाही, पण उजेड म्हणजे एक वस्तू नव्हे, त्यातलं काही घ्यावं आणि काही टाकावं, ही बुद्धी त्याच खोलीत जन्मली.

पुढे १८९५ मध्ये त्याने कोपनहेगनच्या वीजकेंद्रात कार्बनच्या कमानदिव्याखाली एका अभियंत्यावर उपचार सुरू केले. या गृहस्थाच्या चेहऱ्यावर त्वचेचा क्षय होता. हा रोग नाक-गाल कुरतडून टाकी, म्हणून त्याला लॅटिनमध्ये लांडग्याचं नाव मिळालं होतं. तो रोगी सुधारला आणि १८९६ साली फिन्सेनची प्रकाशसंस्था उभी राहिली. तिथल्या दिव्याची रचना बघण्यासारखी होती. वर लटकणारा दिवा, त्यातून चार दिशांना उतरणाऱ्या दुर्बिणीसारख्या चार नळ्या, प्रत्येक नळीत गारगोटीची म्हणजे क्वार्ट्‌झची भिंगं, उष्णता काढून घ्यायला मध्ये पाणी. प्रत्येक नळीखाली एक रोगी आणि त्याच्याशेजारी एक परिचारिका. ती हातातली क्वार्ट्‌झची चकती चट्ट्यावर दाबून धरी, कारण रक्त किरण शोषून घेतं. दाबाने रक्त हटलं की उजेड खोल उतरतो. एका वेळी एखाद्या नाण्याएवढाच तुकडा, त्याला तासभर. दुसऱ्या दिवशी शेजारचा तुकडा. असे महिनोन्‌महिने. १९०३ सालचं नोबेल पारितोषिक या कामाला मिळालं, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या ४३ व्या वर्षी फिन्सेन गेला.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र शंभर वर्षांनी लिहिला गेला. डॅनिश संशोधकांनी २००५ साली फिन्सेनची मूळ भिंगं तपासली, तेव्हा ज्या आखूड लहरींना सारं श्रेय दिलं जात होतं त्या लहरी त्याच्या यंत्रातून फारशा पार होतच नव्हत्या असं आढळलं. गुण आला होता तो बहुधा जांभळ्याच्या हद्दीवरच्या लांब लहरींनी, जंतूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्यावर काम केल्यामुळे. म्हणजे नोबेल मिळवणाऱ्यालाही आपल्या दिव्यातला नेमका कोणता किरण कामी येतो हे माहीत नव्हतं. रोगी बरा होणं आणि तो कशाने झाला हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचं याहून लखलखीत उदाहरण सापडणार नाही. टॅनिंग बेडवरचा सगळा वाद याच दोन गोष्टींच्या गल्लतीतून निघतो.

फिन्सेननंतर पाऱ्याच्या वाफेचे दिवे आले. बर्लिनच्या क्रोमायरचा दिवा १९०६ चा. कुर्ट हुल्डशिन्स्कीने १९१९ साली अशाच दिव्याखाली मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला आणि जर्मनीत हे दिवे घरोघर ‘डोंगरावरचं ऊन’ या नावाने खपू लागले. घरगुती कृत्रिम ऊन तिथून सुरू होतं. सोरायसिसची वाट वेगळी होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गोकरमन याने १९२५ मध्ये चट्ट्यांना दगडी कोळशाचं डांबर फासून वर अतिनील किरण द्यायला सुरुवात केली. घाणेरडा, कपडे खराब करणारा, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात मुक्काम करायला लावणारा हा उपचार. पण तो अर्धं शतक टिकला, कारण लागू पडत होता.

आणि इथे आपल्याकडची बावची येते. कोडावर बावचीच्या बिया लावून किंवा पोटात घेऊन उन्हात बसायचं, हे आयुर्वेदाला जुनं. त्या झुडपाच्या शास्त्रीय नावावरूनच सोरॅलेन हे नाव आलं. १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते बियांतून वेगळं काढलं. इजिप्तमध्ये नाइलकाठच्या एका वेगळ्या रोपट्यात याच कुळातलं द्रव्य निघालं आणि कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी त्याचे प्रयोग कोडावर केले. १९७४ मध्ये बॉस्टनच्या पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी हीच जोडी सोरायसिसवर वापरली: आधी सोरॅलेनची गोळी, दोन तासांनी लांब अतिनील लहरींच्या, म्हणजे ‘यूव्हीए’च्या नळ्या. या उपचाराला पुवा म्हणतात. सोरायसिस एरवी यूव्हीएला जवळजवळ दादच देत नाही, गोळी तिला धार लावते, हे ध्यानात ठेवायला हवं. कारण त्याच दशकात जर्मनीत फ्रीडरिश वोल्फ यांनी टॅनिंग बेड बाजारात आणला आणि त्यातल्या नळ्याही यूव्हीएच्याच होत्या. एकाच काळात, एकाच प्रकारच्या नळ्या दोन घरी गेल्या. दवाखान्यात गोळीसह, दुकानात गोळीविना. काही जणांनी हुशारी करून दवाखान्याची गोळी घेऊन दुकानाची खाट गाठली, त्यांतून भयंकर भाजण्याच्या घटना नोंदल्या गेल्या.

मग गोळीविना दुकानात गुण कसा येतो? उत्तर १९८१ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. पॅरिश आणि येनिके यांनी मोजक्या रुग्णांच्या चट्ट्यांवर छोटे छोटे तुकडे आखून प्रत्येकावर एकेकच लहर सोडली. २५४, २८० आणि २९० नॅनोमीटरच्या लहरींनी त्वचा भाजून निघाली, पण चट्टा हलला नाही. २९६ पासून ३१३ पर्यंतच्या लहरींनी मात्र चट्टे साफ झाले. म्हणजे ऊन औषध नव्हे, उन्हातली एक अरुंद फट औषध आहे. सोरायसिसमध्ये शरीराच्याच संरक्षक पेशी त्वचेत ठाण मांडतात आणि एरवी महिनाभरात नवी होणारी कातडी काही दिवसांतच उगवून खपल्यांनी गळू लागते. या फटीतल्या ‘यूव्हीबी’ लहरी त्या ठाण मांडलेल्या पेशींना मारतात आणि वाढीला लगाम घालतात. फिलिप्सने बहुतेक सगळा उजेड ३११ नॅनोमीटरच्या आसपास देणारी टीएल-०१ ही नळी काढली, आणि १९८० च्या दशकात हॉलंड नि स्कॉटलंडमध्ये तिच्या चाचण्या झाल्या. आपल्याकडच्या त्वचारोग विभागांत ज्याला नुसतं ‘नॅरोबँड’ म्हणतात ते हेच. निसर्गातही अशी चाळणी एका ठिकाणी आहे. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या चारशेहून अधिक मीटर खाली. वरच्या जादा हवेत भाजणाऱ्या आखूड लहरी अडकतात, म्हणून सोरायसिसचे रुग्ण तिथे तासन्‌तास पडू शकतात. याउलट आपलं लाडकं कोवळं ऊन. सकाळी किरण तिरपे, लांबून येतात, त्यांतली यूव्हीबी वाटेतच गळून जाते; अंगाला ऊब मिळते, चट्ट्याला फारसं काही मिळत नाही. (खिडकीच्या काचेआडच्या उन्हाचीही तीच गत.)

टॅनिंग बेडच्या नळ्यांत ही यूव्हीबी असते, पण थोडी. बहुतेक उजेड यूव्हीएचा आणि यूव्हीबी काही टक्के. रुग्णाला गुण येतो तो या टक्क्यांनी. उरलेलं सगळं त्वचेला सोसावं लागतं ते औषध म्हणून नव्हे, सोबतीला म्हणून. त्याहून मोठी अडचण अशी, की हे दुकान जो माल विकतं तोच उपचाराच्या आड येतो. रापलेली त्वचा म्हणजे यूव्हीबीपुढे ओढलेला पडदा. रंग चढत जातो तसा तेवढ्याच औषधाला जादा मात्रा लागते. दवाखान्यात हा चढता पडदा हिशेबात धरलेला असतो. आधी पाठीवर किंवा हातावर छोट्या चौकोनी खिडक्या ठेवून चढत्या मात्रा देतात आणि चोवीस तासांनी कोणती खिडकी लालसर झाली ते बघतात. त्या मात्रेच्या साधारण सत्तर टक्क्यांपासून सुरुवात, मग आठवड्यातून तीनदा, दर वेळी थोडी वाढ. रुग्ण काळा चष्मा लावून, नाजूक भाग झाकून पेटीत उभा राहतो, पंखा घुमतो, निळसर उजेड पडतो. सुरुवातीच्या खेपा तर डोळे मिटून उघडेपर्यंत संपतात. बाहेर आल्यावर त्याच्या कागदावर मिलिज्यूलमध्ये आकडा लिहिला जातो. दुकानात मिनिटं मोजतात. मिनिटं म्हणजे मात्रा नव्हे: नळी जुनी झाली की तिचा उजेड घटतो, नवी बसवली की त्याच दहा मिनिटांत कातडी पोळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो बिनतोड वाटतो. डॉक्टरांनीच टॅनिंग बेड वापरून पाहिले आहेत की! पाहिले आहेत. अमेरिकेत १९९७ साली एक चाचणी झाली, तीत सुधारणा दिसली. २००३ मध्ये ॲसिट्रेटिन या सोरायसिसवरच्या औषधाच्या गोळ्यांसोबत टॅनिंग बेड वापरून २६ रुग्णांवर आणखी एक अभ्यास झाला, तिथेही निकाल चांगले आले. पण पहिल्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, दुसरीत गोळीही होती. ‘काही नसण्यापेक्षा बरं’ एवढं त्यातून सिद्ध होतं, ‘दवाखान्याइतकं’ होत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कॅन्सर होतो म्हणता, तो तुमच्या पेटीनेही होतोच. पुवाबाबत हे पूर्ण खरं आहे. अमेरिकेत १९७५ पासून १,३८० पुवा-रुग्णांचा माग ठेवला गेला. त्यांच्यात त्वचेचा एक कॅन्सर स्पष्टपणे वाढला, आणि १९९७ साली असंही समोर आलं की पहिल्या उपचारानंतर पंधराएक वर्षांनी मेलानोमा या त्वचेच्या अधिक घातक कॅन्सरचा धोकाही चढतो. पण हे कळलं कसं? मात्रांची नोंद होती म्हणून. त्या नोंदींनीच डॉक्टरांना पुवाकडून नॅरोबँडकडे वळवलं. स्कॉटलंडमध्ये नॅरोबँड घेतलेल्या ३,८६७ रुग्णांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला आढावा या कॅन्सरांत लक्षणीय वाढ दाखवत नाही, अर्थात त्याचा काळ अजून थोडा आहे. टॅनिंग बेडला २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीला बसवलं. ब्राझीलने त्याच वर्षी त्यावर बंदी घातली, पुढे ऑस्ट्रेलियानेही व्यावसायिक टॅनिंग बंद केलं.

आपल्या सावळ्या कातडीला हे कॅन्सर कमी होतात, मग आपल्याला काय, असंही कुणी म्हणेल. होतात कमीच. पण ज्या मेलॅनिनमुळे ते कमी होतात त्याच मेलॅनिनमुळे आपल्याला जादा मात्रा लागते. थोड्याशा यूव्हीबीत भरमसाट यूव्हीए मिसळलेला दिवा सावळ्या माणसाच्या सर्वांत कमी उपयोगाचा. खरा आक्षेप एकच उरतो आणि तो वैद्यकशास्त्राचा नाही, अंतराचा आहे. आठवड्यातून तीन खेपा, दोन-तीन महिने. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या दवाखान्यात रोजगार बुडवून कोण जाणार? टॅनिंग बेडने ज्यांना ओढलं त्यातले बरेच याच कारणाने गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या आक्षेपाचं उत्तरही चाळणीच्याच घरातून आलं आहे. नॅरोबँडची नळी घरी नेऊन, मात्रा डॉक्टरांनी ठरवून देऊन उपचार केले तर काय होतं, हे हॉलंडमध्ये १९६ रुग्णांवर पाहिलं गेलं. २००९ सालच्या त्या निकालात घरचा उपचार दवाखान्याइतकाच लागू पडला. अमेरिकेत ७८३ जणांवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ झालेल्यांचं प्रमाण घरी ३२.८ टक्के, दवाखान्यात २५.६ टक्के.

तेव्हा सोरायसिसच्या रुग्णाला कुणी दिवा सुचवला तर दोनच गोष्टी विचाराव्यात: नळी किती नॅनोमीटरची, आणि आजची मात्रा किती मिलिज्यूल. टॅनिंगच्या दुकानात या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळत नाही.