सोमशर्म्याच्या पित्याची कथा

सोमशर्म्याच्या पित्याची कथा ही पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील एक प्रसिद्ध बोधकथा आहे. हाती न आलेल्या संपत्तीच्या भरवशावर मनोराज्य करणाऱ्या माणसाची हाती असलेली वस्तूही कशी नष्ट होते, हा तिचा विषय होय. लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन-ऊथर वर्गीकरणात या प्रकारच्या कथांना १४३० हा क्रमांक आहे.

कथानक

स्वभावकृपण नावाचा ब्राह्मण भिक्षेत मिळालेले सातूचे पीठ खाऊन उरलेले एका घड्यात साठवतो. घडा खुंटीला टांगून त्याखाली तो खाट टाकतो आणि रात्री त्याकडे पाहत विचार करू लागतो. दुष्काळ पडल्यास या पिठाचे शंभर रुपये येतील, त्यांतून दोन शेळ्या घेता येतील. शेळ्यांपासून गाई, गाईंपासून म्हशी, म्हशींपासून घोड्या आणि घोड्यांच्या विक्रीतून सोने मिळेल. मग चौसोपी वाडा, रूपवती पत्नी आणि सोमशर्मा नावाचा पुत्र. रांगता मुलगा घोड्यांच्या टापांजवळ येईल, घरकामात गुंतलेली पत्नी हाक ऐकणार नाही, तेव्हा आपण तिला लाथ मारू. विचारात मग्न असलेला ब्राह्मण खरोखरच लाथ झाडतो, घडा फुटतो आणि तो पिठाने पांढराफटक होतो.

पाठभेद

नारायणकृत हितोपदेशाच्या ‘संधी’ या प्रकरणात ही कथा दूरदर्शी नावाचा गिधाड मंत्री चित्रवर्ण राजाला सांगतो. येथील देवशर्मा कुंभाराच्या भांड्यांनी भरलेल्या जागेत झोपलेला असतो. भांडणाऱ्या काल्पनिक सवतींना मारण्यासाठी तो काठी फेकतो. त्यामुळे स्वतःच्या सातूबरोबर कुंभाराची मडकीही फुटतात आणि कुंभार त्याला हाकलून देतो. मनोराज्याची झळ दुसऱ्यालाही लागते, हा या पाठाचा विशेष आहे.

प्रसार

आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने पहलवीवरून केलेल्या ‘कलीला व दिम्ना’ या अरबी भाषांतरात ब्राह्मणाच्या जागी तपस्वी आणि पिठाच्या जागी मध व तूप आले. ‘अरबी सुरस कथां’मध्ये न्हाव्याचा भाऊ काचसामानाची टोपली लाथेने उडवतो. स्पेनमध्ये दोन हुआन मानुएल याच्या ‘कोंदे लुकानोर’ (१३३५) या ग्रंथात मधाचे मडके डोक्यावर घेऊन बाजारास निघालेली स्त्री आढळते. ला फाँतेनच्या १६७८ मधील संग्रहात ती पेरेत नावाची दूधवाली झाली. माक्स म्युलर यांनी १८७० मध्ये कथांच्या स्थलांतरावरील व्याख्यानात हा प्रवास उलगडून दाखवला.

चित्रे व शिल्पे

ला फाँतेनच्या कथांसाठी ग्रँव्हील (१८३८) आणि गुस्ताव्ह दोरे (१८६७) यांनी चित्रे काढली. सेंट पीटर्सबर्गजवळील त्सार्स्कोये सेलो येथे फुटलेल्या घड्याशेजारी बसलेल्या मुलीचे सोकोलोव्ह याने घडवलेले शिल्प (१८१६) याच कथेवर आधारित आहे. बालवाङ्मयातील चित्रांत बहुधा घडा खाली आणि स्वप्नातील गुरेढोरे, वाडा वरच्या ढगात दाखवतात.

आशय

कथेचा उपहास भविष्याचा विचार करण्यावर नाही. पीठ साठवणे ही दूरदृष्टीच होती. कल्पित अधिकार खरा मानून हात किंवा पाय उगारला जातो, तेथे अनर्थ घडतो. भारतीय व अरबी पाठांत हा अनर्थ पत्नी, सवती किंवा पुत्र यांच्यावरील कल्पित प्रहारातून होतो. पेरेतच्या कथेत मात्र आनंदाने मारलेली उडी त्यास कारण होते. त्यामुळे पेरेतविषयी वाचकाला सहानुभूती वाटते. ला फाँतेननेही अशी स्वप्ने सारेच पाहतात, असे सुचवले आहे. मात्र बालावृत्त्यांत लाथेचा प्रसंग अनेकदा सौम्य केला जातो किंवा गाळला जातो. मग फक्त ‘स्वप्ने पाहू नयेत’ एवढाच बोध उरतो.

मराठीत

‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ या म्हणीत हाच आशय आहे: डाळ घरात येण्यापूर्वीच तिच्यावरून मारहाण. ‘मनातले मांडे’ आणि ‘हवेत इमले बांधणे’ हे वाक्प्रचारही अशाच मनोराज्यासाठी वापरले जातात. लोककथांतील शेखचिल्ली हे पात्रही याच परंपरेतील होय.