राहून गेलेला पाळणा

ज्याने लढाई पाहिलेली नसते, तोच तिचा इतिहास लिहितो. या न्यायाने एस्सेलवर्ल्डचा इतिहास लिहायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात सापडायचा नाही. कारण मी तिथे कधी गेलोच नाही!

१९८९ साली सुभाष चंद्र यांनी गोराईला ते उघडलं. टी.व्ही.वरची जाहिरात पाहून मी अण्णांच्या मागे लागलो. अण्णांनी कागदावर हिशेब मांडला : आसनगावपर्यंत एस.टी., दादरपर्यंत लोकल, गाडी बदलून बोरिवली, पुढे बस आणि शेवटी खाडी ओलांडायला लाँच. "एवढ्यात काशी होते! परीक्षा झाली की बघू." आणि पौष पौर्णिमेला त्यांनी मला नेलं कुठे, तर मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेला. बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग नि करकरणारा पाळणा. मी पाळण्यातसुद्धा फुरंगटूनच बसलो.

पुढे बँकेत चिकटलो. १९९८ मध्ये एस्सेलवर्ल्डशेजारी वॉटर किंगडमही झालं. मुलाला मी म्हणत राहिलो, "येत्या मे महिन्यात बघू." आश्वासनाची ही मुदत ठेव मी दरवर्षी नव्याने ठेवत गेलो आणि २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डच बंद झालं. ठेव पिकायच्या आत बँक बुडाली म्हणा ना!

शेवटी मुलाला म्हशालाच नेलं. दरवर्षी उठते, म्हणून ती जत्रा टिकली असावी. पाळणा वर गेला तेव्हा एकदम आठवलं : त्या दिवशी अण्णा पाळण्यात बसले नव्हते. माझ्या चपला हातात धरून खाली उभे होते. तिकीट त्यांनी एकच काढलं होतं.